घरच्या रेकॉर्डिंगची लेव्हल: माइकपासून मास्टरपर्यंत

घरी केलेलं रेकॉर्डिंग इतर गाण्यांच्या पाठोपाठ लावलं की बारीक आणि लांबून येतंय असं वाटतं, ही तक्रार सगळ्यांचीच असते. त्यावर हमखास केला जाणारा उपाय म्हणजे मास्टरवर (सगळे ट्रॅक एकत्र येतात त्या शेवटच्या चॅनेलवर) लिमिटर, म्हणजे ठरलेल्या मर्यादेच्या वर आवाज जाऊ न देणारा प्लगइन, टाकायचा आणि तो रेटत न्यायचा. गाणं मोठं होतं खरं, पण ड्रम बसके होतात, गायकाचा श्वास पुढे येतो आणि झांजा खरखरायला लागतात. लेव्हलचा घोळ शेवटच्या पायरीवर क्वचितच होतो. माइक लावताना, ट्रॅक साफ करताना किंवा किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि बेस एकत्र आणताना तो झालेला असतो, लिमिटरवर तो फक्त उघडा पडतो. म्हणून इथे माइकपासून सुरुवात करून क्रमाने मास्टरपर्यंत गेलो आहोत.

दोन मीटर, दोन प्रश्न

डिजिटलमध्ये वरची मर्यादा ० डीबीएफएस, म्हणजे या मर्यादेपासून मोजलेले डेसिबल. त्याच्या वर काही नाही, म्हणून सगळे आकडे उणे. ६ डीबीने लेव्हल वाढवली की सिग्नलची उंची दुप्पट होते, पण कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डीबी लागतात. मिक्समध्ये मात्र गायकाच्या आवाजात १ डीबीचा फरक झाला तरी जाणवतो.

पीक मीटर सांगतो की मर्यादेपर्यंत किती जागा उरली. आवाज किती मोठा वाटतो हे त्याला कळत नाही. तबल्याची चाट -३ पर्यंत उसळून क्षणात विरते, ऑर्गनचा लांबवलेला सूर -१२ वरच राहतो, तरी कानाला ऑर्गन मोठा वाटू शकतो. मोठेपणा मोजण्यासाठी एलयूएफएस हे एकक वापरतात. आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या) बीएस.१७७० या शिफारशीतून ते आलं. हा मीटर अगदी खालच्या पट्ट्यातली ऊर्जा कमी धरतो आणि २ किलोहर्ट्झच्या वरच्या भागाला सुमारे ४ डीबी जास्त वजन देतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, बेसपाशी ती पुन्हा लागणार आहे.

एलयूएफएसचे तीन आकडे दिसतात. मोमेंटरी ४०० मिलिसेकंदांचा, शॉर्ट टर्म ३ सेकंदांचा आणि इंटिग्रेटेड सुरुवातीपासून शेवटपर्यंतचा. गाण्यातल्या जागा एकमेकांशी ताडून बघायला शॉर्ट टर्म वापरा. इंटिग्रेटेड पूर्ण गाणं वाजवल्याशिवाय खरा नसतो, आणि मध्येच थांबवून पुन्हा सुरू केलं तर मीटर आधी रीसेट करायचा. असा मीटर तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये नसेल तर युलीन लाउडनेस मीटरची मोफत आवृत्ती पुरते.

रेकॉर्डिंग करताना

सॉफ्टवेअर २४ बिटवर ठेवा. १६ बिटमध्ये सगळ्यात मोठा आणि सगळ्यात बारीक आवाज यांच्यात सुमारे ९६ डीबीचं अंतर मिळतं, २४ बिटमध्ये कागदावर १४४. प्रत्यक्षात कन्व्हर्टर (आवाजाचे आकडे आणि आकड्यांचा आवाज करणारा भाग) इतकं देत नाहीत, तरी घरच्या खोलीतला पंखा, बाहेरची रहदारी आणि माइकची स्वतःची सळसळ कन्व्हर्टरच्या आवाजापेक्षा खूप वर असते. म्हणून लेव्हल शून्याला टेकवून घ्यायची गरज नाही. तो सल्ला टेपच्या आणि १६ बिटच्या काळातला आहे, तेव्हा तो बरोबरही होता.

पीक -१२ ते -१० च्या दरम्यान आणि सरासरी -१८ च्या आसपास, एवढं पुरे. गेन लावताना गायकाला गाण्यातली सगळ्यात जोरकस ओळ गायला सांगा, मुखडा नाही. चाचणीच्या वेळी माणूस आवरून गातो, खऱ्या टेकला ३ ते ६ डीबी वर जातो. म्हणून चाचणीत पीक -१६ ते -१४ दिसला तरी तिथेच थांबा.

गेन म्हणजे इंटरफेसवरचं, माइक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या पेटीवरचं, बटण. सॉफ्टवेअरमधला फेडर (लेव्हलची सरकपट्टी) खाली ओढल्याने फाइलमध्ये जे लिहिलं जातंय ते बदलत नाही, फक्त ऐकू येणारं बदलतं. इंटरफेसचा लाल दिवा लागला असेल आणि फेडर खाली असल्यामुळे मीटर हिरवा दिसत असेल, तरी लाटेचं डोकं कापलं गेलेलंच असतं. मोठं करून बघितलं की वरचा भाग इस्त्री केल्यासारखा सपाट दिसतो. दुरुस्तीचे प्लगइन आहेत, पण एका-दोन जागांपलीकडे त्यांच्यावर विसंबू नका. टेक पुन्हा घेणं हेच खरं.

अंतरही लेव्हलच आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डीबीने उतरतो. माइकपासून १० सेंटिमीटरवर गाणारा माणूस एका ओळीत १० सेंटिमीटर मागे सरकला तर सुमारे ६ डीबी गेले, शिवाय कार्डिऑइड (मुख्यतः समोरचं ऐकणाऱ्या) माइकला जवळून मिळणारा खर्जाचा भरणा गेला आणि खोलीचा घुमारा वाढला. पहिलं नुकसान मिक्समध्ये भरून काढता येतं, बाकीची दोन नाही. १५ ते २० सेंटिमीटर अंतर धरा, मध्ये पॉप फिल्टर (प, फ चा फटका अडवणारी जाळी) लावा आणि तोच अंतराची खूण म्हणून वापरा. पायाशी जमिनीवर चिकटपट्टी लावली तर दुसऱ्या दिवशीचा टेकही जुळतो.

गायकाला स्वतःचा आवाज कमी येत असेल तर हेडफोनचा आवाज वाढवा, गेन नाही. हेडफोनमध्ये वाद्यं मोठी असली की गायक ओरडतो, स्वतःचाच आवाज मोठा असला की आखडून गातो. टेक मनासारखा येत नसेल तर आधी हेडफोनचा मिक्स तपासा.

मिक्सच्या आधीची साफसफाई

फेडरला हात लावण्याआधी प्रत्येक ट्रॅक सरासरी -१८ च्या जवळ आणा, क्लिप गेनने, म्हणजे रेकॉर्ड केलेल्या तुकड्याचीच लेव्हल बदलून. गायन, गिटार, कीबोर्ड, बेस यांना हे लागू. ड्रमसारख्या ठोक्याच्या वाद्यांची सरासरी फसवी असते, त्यांना पीक बघून -१० ते -८ वर बसवा.

याची कारणं दोन. जुन्या यंत्रांची नक्कल करणारे बरेच प्लगइन -१८ डीबीएफएस म्हणजे शून्य व्हीयू (जुन्या काट्याच्या मीटरवरचं शून्य) असं धरून बनवलेले असतात. त्यांना -६ ची सरासरी दिली की कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबून लहान-मोठ्यातलं अंतर कमी करणारा प्लगइन) कायम दाबून बसतो आणि टेपचा प्लगइन फाटायला लागतो. वापरणाऱ्याला वाटतं प्लगइन वाईट आहे. दुसरं कारण फेडरच्या आखणीत आहे. शून्याजवळ फेडर थोडा हलवला तर अर्धा-पाव डीबी बदलतो, खाली -३० जवळ तेवढ्याच हालचालीत ४-५ डीबी निघून जातात. ट्रॅक आधीच बसवलेले असले की फेडर शून्याच्या आसपास राहतात आणि बारीक काम जमतं.

सगळे ट्रॅक नॉर्मलाइज करून शून्याला नेऊ नका. नॉर्मलाइज फक्त पीक बघतो. ज्या ट्रॅकमध्ये एखादा खोकला किंवा माइकला लागलेला धक्का असेल त्याचं गाणं खालीच राहील आणि धक्का शून्यावर जाईल. बेरजेचाही हिशेब आहे. एकमेकांशी संबंध नसलेले, सारख्या लेव्हलचे दोन ट्रॅक मिळून ३ डीबी वाढतात, सोळा मिळून १२. शून्यावरचे सोळा ट्रॅक मास्टरवर कुठे जातील हे सांगायला नको.

ओळींमधल्या रिकाम्या जागा कापा आणि टोकांना ५ ते १० मिलिसेकंदांचा फेड द्या, नाहीतर टिकटिक येते. गायनावर ८० ते १०० हर्ट्झच्या खाली हाय-पास (खालचे सूर कापणारा) फिल्टर लावा. माइकच्या स्टँडमधून येणारी धडधड ऐकू येत नाही, पण जागा खाते आणि कॉम्प्रेसरला विनाकारण चाळवते. फिल्टर लावल्यावर पीक कधीकधी किंचित वाढलेला दिसतो. फिल्टर फेज, म्हणजे लाटांची आपसातली वेळ, हलवतो त्याचा तो परिणाम, दोष नाही.

ऐकण्याचा आवाज आधी ठरवा

मिक्स करताना स्पीकरचा आवाज वरखाली करत राहिलात तर फेडरचे सगळे निर्णय हलत्या जमिनीवर होतात. कान लहान आवाजात खर्ज आणि अगदी वरचे सूर कमी ऐकतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवलं. बारीक आवाजात मिक्स केलेलं गाणं मोठ्या आवाजात लावलं की बेस घुमतो, आणि मोठ्या आवाजात केलेलं बारीक लावलं की पोकळ वाटतं.

पिंक नॉइजची (चाचणीसाठी वापरतात त्या सलग सळसळीची) -२० डीबीएफएस आरएमएसची, म्हणजे सरासरीची, फाइल एका वेळी एकाच स्पीकरवर वाजवा. बसण्याच्या जागी, कानाच्या उंचीवर ध्वनिमापक धरा. तो सी वेटिंग आणि स्लो या सेटिंगवर ठेवून ७३ ते ७६ डीबी येईल इतका आवाज लावा. मोठ्या स्टुडिओत ८३ वापरतात, पण लहान खोलीत तेवढा आवाज भिंतींवरून आदळून कान थकवतो. फोनवरचं ॲप ढोबळ मापापुरतं चालेल. बटणाच्या त्या जागी खूण करा आणि बहुतेक काम त्याच खुणेवर करा. कानांच्या दृष्टीनेही हे बरं. ८५ डीबीएला आठ तास ही कामगारांसाठी वापरली जाणारी मर्यादा आहे, आणि तिच्या वर दर ३ डीबीला वेळ निम्मी होते.

अधूनमधून आवाज अगदी कमी करा, शेजारी बसलेल्या माणसाशी बोलता येईल इतका. तेव्हाही शब्द कळले पाहिजेत आणि किकचा ठोका समजला पाहिजे. गायनाची लेव्हल ठरवायला यापेक्षा चांगली चाचणी आम्हाला माहीत नाही.

फेडरचा पहिला फेरा

सगळे फेडर खाली. प्लगइन बंद. ज्यावर गाणं उभं आहे ते आधी वर आणा. ताल असलेल्या गाण्यात किक आणून मास्टरवर पीक -१० वर ठेवा, मग बेस, मग गायन, आणि बाकीची वाद्यं गायनाच्या भोवती. फक्त गिटार आणि गळा असेल तर गळ्यापासूनच सुरुवात करा. सगळं आल्यावर मास्टरचा पीक -६ च्या आसपास असावा. -३ पर्यंत गेला तरी घाबरायचं कारण नाही.

हा फेरा मोनोमध्ये करा. पॅनने (डावी-उजवीकडे सरकवून) वेगळं केलं की दोन गिटार एकमेकींवर बसत नाहीत असा भास होतो. मोनोत त्या भांडतात की नाही ते लगेच कळतं. दोन माइकने घेतलेलं वाद्य मोनोत अचानक पातळ झालं तर फेज उलटी आहे, एका ट्रॅकची पोलॅरिटी उलटून (लाट वरची खाली करून) बघा. नंतर पॅन केल्यावर लेव्हल पुन्हा तपासावी लागते. पॅन लॉ या सॉफ्टवेअरच्या नियमानुसार मध्ये असलेला आवाज ३ डीबीने, काही सॉफ्टवेअरमध्ये ४.५ किंवा ६ डीबीने कमी केला जातो. म्हणूनच एका सॉफ्टवेअरमधला मिक्स फेडरचे आकडे उतरवून दुसऱ्यात उभा केला तर जुळत नाही.

किक आणि बेस

घरच्या मिक्समध्ये सगळ्यात जास्त जागा इथे जाते. -१० पीकची किक आणि -१२ पीकचा बेस एकाच क्षणी एकाच दिशेने आले तर बेरीज -५ च्या जवळ जाते. आणि एलयूएफएस मीटर अगदी खालची ऊर्जा कमी मोजतो, त्यामुळे पीक वाढतो पण मोठेपणा फारसा वाढत नाही. मीटर शून्याला भिडलेला आणि गाणं मात्र बारीक, याचं कारण बहुतेक वेळा हे असतं.

तपासायची पद्धत सोपी. सगळ्यात भरगच्च कडव्यात मास्टरचा पीक लिहून घ्या. बेस म्यूट करा, पुन्हा बघा. ४-५ डीबीने खाली आला तर दोघं एकाच पट्ट्यात आहेत. दोघांपैकी एकालाच सगळ्यात खालचा मजला द्या. किकचा गाभा ६० हर्ट्झजवळ असेल तर बेसमधून तिथे २-३ डीबी काढा आणि बेसचा भरणा ९० ते १२० मध्ये ऐका. उलटही चालतं. दोघांनाही ३० हर्ट्झच्या खाली कापा. एवढ्याने भागत नसेल तर बेसवर साइडचेन कॉम्प्रेसर, म्हणजे किकच्या इशाऱ्यावर चालणारा, लावा. किक आली की बेस २-३ डीबी खाली, अटॅक (दाबायला लागणारा वेळ) १ ते ५ मिलिसेकंद, रिलीज (सोडायला लागणारा) ८० ते १२०. रिलीज फार लांब ठेवला तर बेस श्वास घेतल्यासारखा वरखाली होतो.

छोट्या स्पीकरवर बेस ऐकूच येत नाही म्हणून त्याचा फेडर चढवणं ही इथली नेहमीची चूक. त्या स्पीकरला ६० हर्ट्झ वाजवताच येत नाही, फेडरने काय होणार? बेसवर हलकं सॅच्युरेशन (आवाज किंचित फाडणारा प्लगइन) लावा. त्याने वरचे हार्मोनिक (मूळ सुराच्या पटीतले सूर) तयार होतात आणि छोट्या स्पीकरवर कान त्यांवरून खालचा सूर ओळखतो.

गायनाची एक ओळ, जवळून

समजा एका ओळीत मोमेंटरी लेव्हल अशी आहे: सुरुवातीचे शब्द -१७, वरच्या सुरावरचा शब्द -११, ओळीचा शेवटचा विरत जाणारा शब्द -२५, आणि त्यानंतर एक मोठा श्वास. वरचा आणि खालचा शब्द यांच्यात १४ डीबीचं अंतर आहे.

यावर थेट कॉम्प्रेसर लावला तर वरचा शब्द ६-७ डीबीने दाबला जातो, शेवटचा शब्द थ्रेशोल्डपर्यंत (जिथून दाबणं सुरू होतं त्या लेव्हलपर्यंत) पोचतच नाही. मग मेकअप गेनने (कॉम्प्रेसरनंतरच्या वाढीने) सगळं ६ डीबी वर आणलं की श्वास, खोलीचा आवाज आणि हेडफोनमधून गळलेलं संगीतही ६ डीबी वर येतं. वरचा शब्द चिरडलेला, शेवटचा अजूनही कमी, श्वास कानाशी.

त्याऐवजी आधी क्लिप गेन. वरचा शब्द कापून ३ डीबी खाली, शेवटचा ४ डीबी वर, श्वास वेगळा तुकडा करून ६ ते ८ डीबी खाली. श्वास पूर्ण काढून टाकू नका, ओळ निर्जीव वाटते. शब्दाच्या मधोमध कापू नका. व्यंजनाच्या आधीची शांतता शोधा आणि ५ ते १० मिलिसेकंदांचा क्रॉसफेड द्या. आता अंतर १४ वरून ७ वर आलं आणि काहीच दाबलं गेलेलं नाही. तीन मिनिटांच्या गाण्याला हे काम एक-दोन तास खातं आणि त्याला पर्याय नाही.

मग कॉम्प्रेसर. रेशो ३:१, अटॅक १० मिलिसेकंद, रिलीज ८०, जोरकस शब्दावर ३-४ डीबी कपात. रेशोचा अर्थ आकड्यात असा की ४:१ वर थ्रेशोल्डच्या ८ डीबी वर गेलेला आवाज २ डीबीच वर निघतो, म्हणजे ६ कापले गेले. अटॅक १ मिलिसेकंदाच्या खाली नेला तर क, ट, प यांची धार जाते आणि शब्द बोथट होतात. रिलीज फार आखूड असला तर खालच्या सुरांवर घरघर येते, फार लांब असला तर जोरकस शब्दाच्या पाठोपाठ येणारा शब्द बुडतो. जास्त कपात हवीच असेल तर एकाकडून ८ डीबी घेण्यापेक्षा दोन कॉम्प्रेसर ओळीने लावून ४-४ घ्या.

कॉम्प्रेसर लावल्याने खरंच बरं झालं का, हे ठरवताना मेकअप गेन असा जुळवा की बायपास केल्यावर (प्लगइन तात्पुरता बंद केल्यावर) मोठेपणा तोच राहील. १ डीबी जरी जास्त असला तरी कान मोठ्यालाच चांगलं म्हणतो. पुढच्या प्रत्येक प्लगइनला, मास्टरिंगलाही, हा नियम लागू.

कॉम्प्रेसरनंतर स आणि श टोचायला लागतात, त्यांच्यासाठी ५ ते ८ किलोहर्ट्झवर डी-एसर, ३ ते ५ डीबीपर्यंत. शेवटी फेडरचं ऑटोमेशन (सॉफ्टवेअरने फेडर आपोआप हलवणं): क्लिप गेन कॉम्प्रेसरच्या आधी असतो, फेडर नंतर. त्यामुळे ध्रुवपदात गळा १ डीबी वर हवा असेल तर तो फेडरनेच करायचा. क्लिप गेनने केला तर कॉम्प्रेसर बराचसा परत खाऊन टाकतो. रिव्हर्बचा (घुमाऱ्याच्या प्लगइनचा) सेंड, म्हणजे त्याच्याकडे जाणारी शाखा, पोस्ट-फेडर (फेडरनंतर) ठेवा. प्री-फेडर (फेडरआधी) असेल तर गळा खाली ओढल्यावर घुमारा तसाच राहतो आणि गायक खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेल्यासारखा वाटतो.

मास्टर लाल झाला तर

बहुतेक सॉफ्टवेअर आतून ३२ बिट फ्लोटमध्ये चालतं. ट्रॅकवर लाल दिवा लागला तरी आतल्या आत काही कापलं जात नाही. कापलं जातं ते कन्व्हर्टरकडे जाताना आणि १६ किंवा २४ बिटची फाइल बनवताना. तरी मास्टर +३ दाखवत असेल तर दुरुस्त करा, पण मास्टर फेडर ओढून नाही. बहुतेक ठिकाणी तो फेडर प्लगइनच्या नंतर असतो, म्हणजे मास्टरवरच्या कॉम्प्रेसरला +३ च मिळत राहतो. मास्टरच्या पहिल्या खाचेत साधा गेन किंवा ट्रिम प्लगइन टाकून -८ करा. सगळे ट्रॅक फेडर एकत्र निवडून खाली आणता येतात, पण मग ग्रुप बसवरच्या (काही ट्रॅक एकत्र जातात त्या चॅनेलवरच्या) कॉम्प्रेसरचे थ्रेशोल्ड बिघडतात आणि ऑटोमेशन असलेले फेडर जागेवर परत उडी मारतात.

मास्टरिंगसाठी फाइल काढताना लिमिटर बंद, नॉर्मलाइजची खूण काढलेली, सॅम्पल रेट सेशनचाच, २४ बिट किंवा ३२ बिट फ्लोट वेव्ह. पीक -६ असायलाच हवा असं काही नाही. कापलेला नसला की झालं.

मास्टरिंग

मिक्सच्या सेशनमध्ये मास्टरिंग, म्हणजे तयार मिक्सवरचं शेवटचं काम, करू नका. नवीन सेशन उघडा, शक्यतो दुसऱ्या दिवशी. शेजारच्या ट्रॅकवर त्याच धाटणीचं एक चांगलं गाणं ठेवा आणि त्याची लेव्हल आधी उतरवा. ते -९ एलयूएफएस आणि तुमचं -१९ असेल तर त्याला १० डीबी खाली आणूनच तुलना करा.

आता हिशेब. मिक्सचा पीक -४ आणि इंटिग्रेटेड -२० असेल, तर -१२ ला न्यायला ८ डीबी लागतील. पीक +४ वर जाईल आणि -१ च्या छतासाठी लिमिटरला ५ डीबी कापावे लागतील. किक-बेसचं काम नीट झालेल्या मिक्सचा पीक -६ आणि इंटिग्रेटेड -१९ असेल, तर ७ डीबी वाढवल्यावर पीक +१ वर येतो आणि लिमिटरला फक्त २ डीबी कापावे लागतात. दोन्ही मास्टर मीटरवर सारखे मोठे, पण दुसऱ्यात ठोका जिवंत राहतो. लिमिटर थोडा मोठेपणा खातो, म्हणून हा हिशेब ढोबळ समजा.

क्रम साधारण असा: इक्वलायझर, रुंद पट्ट्यात १-२ डीबीच्या आत. मग कॉम्प्रेसर, १.५:१ ते २:१, अटॅक ३० मिलिसेकंद, कपात १-२ डीबी. मग लिमिटर, छत -१ डीबी ट्रू पीक. गाण्यातला सगळ्यात मोठा २०-३० सेकंदांचा भाग लूपवर लावून लिमिटर बसवा. शांत भागावर बसवला तर ध्रुवपद आल्यावर सगळं कोसळतं. २-३ डीबी कपात बहुतेक गाणी सोसतात. ४ च्या वर लागत असेल तर मिक्सकडे परत जा आणि कोणता ट्रॅक उसळतोय ते म्यूट करून शोधा. बहुधा स्नेअर किंवा बेसचा एखादा सूर सापडतो.

ट्रू पीकची खूण लावायला विसरू नका. सॅम्पलचे ठिपके ० च्या खाली असले तरी त्यांच्या मधून जाणारी खरी लाट वर जाऊ शकते, काही सुरांना ३ डीबीपर्यंत. एमपी३ किंवा एएसी बनवताना पीक आणखी वर सरकतात. वेव्ह स्वच्छ आणि फोनवर मात्र खरखर, असं झालं तर इथे बघा.

किती मोठं करायचं? स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगला -१४ एलयूएफएसवर आणतं, ॲपलचं साउंड चेक -१६ च्या आसपास, युट्यूब -१४ च्या वरच्याला खाली ओढतं पण बारीक गाण्याला वर उचलत नाही. याचा अर्थ गाणं -१४ वरच बनवा असा नाही. -९ चं गाणं स्पॉटिफायवर ५ डीबीने खाली येतं, म्हणजे त्यासाठी चिरडलेले ठोके फुकट गेले. याउलट -१८ चं गाणं तिथे पीक -१ ला पोचेपर्यंतच वर उचललं जातं. आमच्या मते गळा आणि एक-दोन वाद्यांचं गाणं -१६ ते -१४, भरगच्च बँडचं -१२ ते -१० मध्ये सुखाने राहतं. -१४ पेक्षा मोठं ठेवणार असाल तर छत -२ करा, ही स्पॉटिफायची स्वतःची शिफारस आहे. फक्त बोलण्याचं रेकॉर्डिंग असेल तर ॲपल पॉडकास्टसाठी -१६, एक इकडेतिकडे, आणि ट्रू पीक -१ च्या वर नाही.

अल्बममध्ये सगळ्या गाण्यांचा आकडा एकच करू नका. शांत गाणं रॉक गाण्याइतकं -११ वर नेलं की त्यातला गायक कानात ओरडतो. गाण्यांचे शेवट आणि पुढच्याच्या सुरुवाती सलग वाजवा, गळा सारखा मोठा वाटेपर्यंत लिमिटरच्या आधीचा गेन हलवा आणि मग मीटर बघा. दोन गाण्यांत ३-४ एलयूचा (एलयूएफएसमधल्या ३-४ डीबीचा) फरक निघाला तरी बिघडत नाही.

डिदर (बिट कमी करताना मिसळलेली बारीक सळसळ) १६ बिटची फाइल काढतानाच, आणि एकदाच, साखळीत सगळ्यात शेवटी. त्याच्यानंतर गेन बदलला तर त्याचा उपयोग संपला. ऑनलाइन देण्यासाठी २४ बिट वेव्ह चालत असेल तर तीच द्या. सुरुवातीला १०० मिलिसेकंदांची शांतता ठेवा, नाहीतर काही प्लेअर पहिला ठोका गिळतात. शेवटचा घुमारा पूर्ण विरेपर्यंत फेड ओढू नका. फाइल काढून झाली की ती सॉफ्टवेअरमध्ये परत उघडून इंटिग्रेटेड आणि ट्रू पीक मोजा, एएसी बनवून फोनच्या स्पीकरवर एकदा पूर्ण ऐका, आणि लिमिटर नसलेली आवृत्तीही नाव आणि तारीख घालून जपून ठेवा. सहा महिन्यांनी दुसरा मास्टर हवा असेल तर तीच लागते.